तुम्ही विचारलंत म्हणून : मोडीतल्या सामानाची होडी

हा प्रश्न मला दोन्ही देशांत विचारला जातो, फक्त सूर वेगळा असतो. रत्नागिरीहून आत्या फोनवर सरळ म्हणते, "अगं, लोकांनी टाकलेल्या वस्तू जोडून पाण्यात जातेस, भीती कशी वाटत नाही?" इथे साउदॅम्प्टनला ऑफिसातले लोक तेच जरा आडवळणानं विचारतात, "सगळंच सामान जुनं आहे म्हणे?" आजवर "तपासून घेते हो" म्हणून मी वेळ मारून नेली. पण तपासून घेणं म्हणजे काय, हे ऐकायला कुणी बसलंच तर मला सांगायचा हुरूप येतो. तुम्ही विचारलंत, आता बसा.

होडी कोणती ते आधी सांगते, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. माझी होडी मिरर जातीची. जॅक होल्ट हे होड्यांचे नावाजलेले रचनाकार आणि बॅरी बकनेल हे बीबीसीवर घरच्या घरी सुतारकाम शिकवणारे गृहस्थ. या दोघांनी मिळून १९६२ साली तिची रचना केली. प्लायवूडचे कापलेले तक्ते तांब्याच्या तारेनं एकमेकांना शिवायचे, मग सांध्यांवर काचतंतूची पट्टी रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकात, भिजवून चिकटवायची, की झाली होडी. 'डेली मिरर' या वर्तमानपत्रानं ती उचलून धरली, म्हणून तिचं नावही मिरर. सुरुवातीला सगळं सामान ६३ पौंड ११ शिलिंगांना मिळायचं आणि लोक ते गॅरेजमध्ये, कुणी तर दिवाणखान्यात जोडायचे. लांबी ३.३ मीटर, शीड-काठ्या वगळून वजन ४५.५ किलो, म्हणजे दोघांनी उचलून गाडीच्या टपावर टाकता येते. डोलकाठीही मुद्दाम आखूड. तिच्या वर आणखी एक काठी दोरानं उभी चढवतात, त्यामुळे सगळ्या काठ्या उतरवून होडीच्या पोटात मावतात.

अशा ७०,००० हून जास्त होड्या झाल्या, आणि शर्यतींसाठी सगळ्यांची मापं नियमांनी बांधलेली. म्हणूनच एका मेलेल्या मिररची काठी दुसऱ्या जिवंत मिररला बसते. एकुलत्या एका जुन्या बोटीला जुने भाग जमवणं म्हणजे प्रत्येक खिळ्यासाठी लोहार शोधणं. मिररचं तसं नाही.

सामान मिळतं कुठून? इथल्या प्रत्येक शीडहोडी क्लबाच्या आवारात मागच्या कुंपणाला लागून काही अनाथ होड्या पडलेल्या असतात. मालकानं वर्गणी भरणं कधीच थांबवलेलं, फोन बदललेला, ताडपत्री फाटून आत गवत. १९७७च्या एका कायद्याप्रमाणे क्लब मालकाला रीतसर नोटीस देतो, मुदत संपली की होडी विकतो, आणि कुणी घेतलीच नाही तर मोडीत काढतो. माझी होडी अशीच आली आणि तिच्यासाठी कापलेल्या दोन होड्याही. शिवाय इथून जवळच ब्यूली (Beaulieu) गावी बोटींच्या जुन्या सामानाचा मोठा बाजार भरतो. मुंबईत रे रोडजवळ दारूखान्यात फिरलेल्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही, फक्त इथे जहाजांची साखळदंडं नाहीत, मुठीत मावणाऱ्या कप्प्या आहेत. भाव करायला मात्र इंग्रज लाजतो. मी लाजत नाही.

आता मूळ प्रश्न. जुन्या वस्तूवर भरवसा ठेवायचा की नाही, हे ती किती जुनी आहे यावर मी ठरवतच नाही. ती मोडायच्या आधी काही सांगते का, एवढंच बघते. काही वस्तू आपणहून सांगतात. काही विचारल्यावर सांगतात. आणि काही शेवटपर्यंत हसतमुख राहून ऐन वाऱ्यात दगा देतात.

आपणहून सांगणाऱ्यांत लाकूड पहिलं. कुजकं लाकूड काळवंडतं, वर रंग असेल तर तो फुगतो, पेचकसाच्या मुठीनं ठोकलं तर खणखणीत वाजायच्या ऐवजी बद्द आवाज येतो. शंका आली की टोच्या घ्यायचा. चांगल्या लाकडात तो अडतो, कुजक्यात मुठीपर्यंत आत जातो आणि ओला भुसा घेऊन बाहेर येतो. जागाही ठरलेल्या असतात: मागच्या उभ्या फळीचे खालचे कोपरे, डोलकाठीचा पाय टेकतो तो ठोकळा, बाजूच्या हवाबंद कप्प्यांच्या बुचांभोवतीचं प्लाय. थोडक्यात, जिथे पावसाचं पाणी साचून राहतं तिथे.

समुद्राचं नव्हे, पावसाचं. लोकांना हे खरं वाटत नाही. कुजवणाऱ्या बुरशीला साधारण वीस टक्क्यांच्या वर ओल लागते आणि मीठ तिला मानवत नाही. खाऱ्या पाण्यात रोज जाणारी होडी टिकते, आणि फाटक्या ताडपत्रीखाली उताणी पडून गोडं पाणी साठवणारी होडी बसल्या जागी संपते. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आमचे लोक पावसाळ्यात होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारायचे ते उगाच का?" पावसाळ्यात समुद्र खवळलेला, मासेमारी बंद, होडी किनाऱ्यावर, पण उघडी नाही. काजूच्या टरफलाचं ते काळं तेल लाकडाला चोपडायचे तेही याचसाठी. त्या दिवसापासून आत्याचा प्रश्न निम्मा सुटला.

कुजका भाग सापडला की तो निर्दयपणे कापायचा, चांगलं लाकूड लागेपर्यंत. मग नवा तुकडा बसवताना दोन्ही कडा प्लायच्या जाडीच्या आठपट लांब उतारानं तासायच्या आणि इपॉक्सीनं जोडायच्या. नीट झालेला सांधा शेजारच्या मूळ प्लायपेक्षा आधी तुटत नाही. लाकूड पुरतं वाळलेलं हवं आणि हवेत थोडी ऊब हवी. इंग्लंडात या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात जमणं म्हणजे पत्रिका जुळण्यासारखं आहे, म्हणून हे काम सगळ्यात रेंगाळतं.

यावरून एक सल्ला, न विचारता. नुकतीच रंगवलेली जुनी होडी कधी विकत घेऊ नका. सोललेली, डागाळलेली, ओंगळ दिसणारी घ्या. रंग हा तपासणीचा शत्रू आहे. विकायच्या आधी माणूस रंग का लावतो, याची दोनच कारणं असतात आणि त्यातलं एक वाईट असतं.

विचारल्यावर सांगणाऱ्या वस्तूंत माझं आवडतं पितळ. जुन्या मिररमध्ये पितळेचे स्क्रू सर्रास सापडतात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि खारं पाणी त्यातलं जस्त हळूहळू काढून नेतं. मागे उरतं ते तांब्याचं सच्छिद्र भूत. आकार तोच, आटेही शाबूत, पण पिळलं की बिस्किटाचा चुरा. डोळ्यांनी कळत नाही, कानशीनं एकदा घासलं की कळतं. आत पिवळं चमकलं तर जीव आहे, गुलाबी दिसलं तर संपलं. मी माझ्या होडीतला प्रत्येक स्क्रू बाहेर काढून सिलिकॉन ब्राँझचा बसवला. त्यात जस्त नावालाच असतं. सुकाणूच्या बिजागऱ्या मात्र जुन्याच आहेत, दुसऱ्या होडीच्या. कानस लावली, आत पिवळ्या निघाल्या, ठेवल्या.

कप्प्या टफनॉलच्या आहेत. टफनॉल म्हणजे कापडाचे थर फेनॉलिक रेझिनमध्ये दाबून बनवलेला तपकिरी, लाकडासारखा दिसणारा पदार्थ. साठ-सत्तर सालच्या अशा कप्प्या आजही गुळगुळीत फिरतात. चाक आसावर डगमगतंय का, कडा चिरली आहे का, इतकंच बघायचं. उलट त्यानंतरच्या पांढऱ्या नायलॉनच्या कप्प्या उन्हानं भुकटीसारख्या झालेल्या असतात. नख दाबा, पांढरं निघालं तर घेऊ नका.

शिडं लाल. मिररची ओळखच ती. कापड टेरिलीनचं, म्हणजे १९४१ साली मँचेस्टरच्या व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधलेलं पॉलिस्टर. आपल्या घरांतून जावईबापूंच्या शर्टाला जे कापड मानानं शिवलं जायचं, त्याच घराण्यातलं. हे कापड चिवट, पण शिवण कच्ची: उन्हानं दोरा आधी मरतो. दोऱ्यावर नख ओढलं आणि तो तटकन तुटला, तर सगळी शिवण पुन्हा घालायची, कापड मात्र ठेवायचं. माझ्या मोठ्या शिडावरचा क्रमांक मोडीत काढलेल्या होडीचा आहे. शर्यतीत तो चालणार नाही. मी शर्यतीत नसते, त्यामुळे एका होडीचं अंग आणि दुसरीचा नंबर घेऊन आम्ही राजरोस फिरतो.

आता दगाबाज. डोलकाठीला तोलून धरणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या तारा. स्वयंपाकघरात स्टेनलेस गंजत नाही, कारण आपण ते रोज घासून कोरडं करतो. त्यातल्या क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन वर अतिशय पातळ थर बनतो, तोच त्याचा रखवालदार. तारेच्या टोकाशी जिथे धातूची नळी दाबून बसवलेली असते तिथे आत खारं पाणी शिरतं आणि कोंडतं. तिथला ऑक्सिजन संपतो, थर भरून निघत नाही, आणि धातू आतून खड्डे पडत खचतो. बाहेरून तार लखलखीत. त्यात भर म्हणजे एकोणीस पेडांची ती तार नळीच्या तोंडाशीच सारखी हलते, त्यामुळे पेड थकून तिथेच तुटतात. कापसाचा बोळा फिरवला तर बाहेरचा तुटका पेड तो पकडतो, आतले दिसत नाहीत. आणि तुटते ती केव्हा? किनाऱ्याला बांधलेली असताना नव्हे. वाऱ्याचा सपाटा येतो, ताण सगळ्यात जास्त असतो, तेव्हा. मग डोलकाठी शिडासकट अंगावर.

क्लबातले एक आजोबा म्हणतात, "वीस वर्षं टिकली ती आणखी वीस टिकेल." लाकडाबद्दल ते म्हणाले असते तर मी मान हलवली असती. धातूच्या थकव्याबद्दल हे गणित उलटं चालतं, प्रत्येक हेलकावा खर्ची पडलेला असतो. माझ्या होडीवर तारा नव्या आहेत, त्या ज्या पट्ट्यांना अडकतात तिथले बोल्टही नवे. मिररला अशा तारा तीनच लागतात आणि त्याही आखूड. एवढ्या खर्चाला कचरणाऱ्या माणसाबरोबर मी पाण्यात जात नाही.

शीड चढवायचे दोरही नवेच. जुना दोर ताडपत्री बांधायला. लहान शिडाच्या पुढच्या काठात शिवून टाकलेली तार असते, तीही अशीच लपलेली. जुन्या शिडाच्या त्या काठावर तपकिरी डाग दिसला तर शिवण उसवून आत बघायचं. हवाबंद कप्पे साबणाचं पाणी लावून, आत हलकी फुंकर मारून तपासायचे. होडी उलटली तर तरंगवणार तेच आहेत. लाइफजॅकेट दुकानातलं.

"यापेक्षा तयार होडी घेतली असती तर स्वस्त पडलं असतं का?" हा उपप्रश्न हमखास येतो. हो. रेझिन, रंग, तारा आणि सँडपेपर यांच्या पैशांत चालू स्थितीतली वापरलेली मिरर सहज आली असती. पण तिची शिवण कुणी घातली, स्क्रू कसले आहेत, हे मला कुठून कळलं असतं? भीती मला त्या होडीत वाटली असती.

एक काम मात्र अडलंय. मधून खाली पाण्यात सोडायची ती उभी फळी, डॅगरबोर्ड, माझ्याकडे प्लायची आहे आणि तिच्या थरांमध्ये पाणी शिरलंय. मला जुनी, अखंड लाकडाची हवी आहे. दक्षिण इंग्लंडात कुणाच्या गॅरेजात पडून असेल तर कळवा. रंगवू नका, आहे तशी दाखवा. टोच्या घेऊन येते.