गावची मांजर विमानाने मुंबईला

आधी कामाचं सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचायची गरज नाही. इंडिगो पाळीव मांजर विमानात घेतच नाही. नागपूरहून उडणारी बहुतेक विमानं त्यांचीच, त्यामुळे तिकीट बघायला बसण्याआधीच बरेचसे पर्याय बाद होतात. एअर इंडिया आणि अकासा केबिनमध्ये, म्हणजे आपल्यासोबत, मांजर नेऊ देतात. अकासाने नोव्हेंबर २०२२ मध्ये हे सुरू केलं तेव्हा मर्यादा ७ किलोची होती, पुढे ती १० किलो केली. हे वजन मांजर आणि पिशवी मिळून मोजतात. नियम असे बदलत राहतात, म्हणून तुमच्या तारखेला कोण कुठे उडतं आणि काय नियम आहे ते कंपनीला फोन करून विचारा. माझं ऐकून तिकीट काढू नका.

आता आमची गोष्ट. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात, पांढरकवड्याच्या पुढे. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मुंबईला भावाकडे करायचं ठरलं, आणि नंतर हिवाळाभर तिने तिथेच राहायचं. आई तयार होती, पण एका अटीवर. "चिंगीले सोडून मी नाही जात. तिले कोण पाहीन?" चिंगी म्हणजे पट्ट्यापट्ट्यांची करडी मांजर. घरात कापूस आणि सोयाबीन भरलं की उंदरांचा बंदोबस्त तिच्याकडे. भाऊ फोनवर हसला, पण आई हसत नव्हती.

पहिला विचार रेल्वेचाच केला. फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा अख्खी केबिन आपल्या नावावर असेल तर मांजर सोबत नेता येते, पार्सल ऑफिसात तिची नोंद करून. अडचण अशी की दोन बर्थचा कूपेच मिळेल याची खात्री तिकीट काढताना नसते, ते चार्ट लागल्यावर कळतं. नाहीतर प्राण्यांनी गार्डच्या ब्रेक व्हॅनमधल्या पेटीत जायचं. नागपूर ते मुंबई अख्खी रात्र त्या पेटीत मांजर ठेवायला मी तरी तयार नाही. विमानाला दीड तास लागतो.

सगळ्यात जास्त धावपळ कागदांची झाली. मुख्य कागद दोन: रेबीजच्या लसीची नोंद, आणि मांजर प्रवासाला धडधाकट आहे असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. गावाकडच्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी श्रेणी-२ चा पशुवैद्यकीय दवाखाना असतो आणि तिथे पशुधन पर्यवेक्षक बसतात. गाईम्हशींच्या कामात ते हुशार असतात, पण प्रमाणपत्रावर सही नोंदणीकृत पशुवैद्यकाचीच लागते, म्हणजे श्रेणी-१ च्या दवाखान्यातले पशुधन विकास अधिकारी किंवा खाजगी डॉक्टर. सहीखाली त्यांचा नोंदणी क्रमांक, शिक्का आणि तारीख हवी. मालकाचं नाव तिकिटावर आहे तसंच लिहून घ्या आणि मजकूर इंग्रजीत मागा. प्रमाणपत्र ताजं लागतं, म्हणून ते प्रवासाच्या एकदोन दिवस आधी घ्या. लस मात्र खूप आधी झालेली हवी. रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर देतात आणि ती लागू पडायला साधारण तीन आठवडे जातात.

तालुक्याच्या दवाखान्यात रेबीजची लस मिळून गेली. मांजरांच्या इतर रोगांची जी तिहेरी लस असते, ती तिथे नव्हती. गायी, बैल, बकऱ्या यांच्या रांगेत पिशवीतली मांजर घेऊन बसलो होतो, सगळे वाकून बघत होते. तिहेरी लसीसाठी आणि एकूण तपासणीसाठी आम्ही नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेलो. १९५८ पासूनचं कॉलेज आहे आणि तिथल्या दवाखान्यात कुत्रीमांजरं रोजच येतात. ज्यांच्या तालुक्यात मांजराचं काही जमत नाही त्यांनी सरळ तिथे जावं.

फॉर्मवर जातीचा रकाना होता. आई म्हणाली, "मांजरीची जात कायची लिहायची?" डॉक्टरांनी 'देशी' लिहिलं आणि पुढे गेले. रकाना रिकामा सोडू नका, काउंटरवर त्यावरूनच प्रश्न येतात.

पिशवी ऑनलाइनच मागवावी लागते, पांढरकवड्यात काय मिळणार? कडक पिंजरा घेऊ नका. मऊ बाजूंची, जाळीची, तळाला कडक पाटी असलेली घ्या. समोरच्या सीटखाली ती जायला हवी आणि मांजराला आत उठून फिरता यायला हवं. या दोन अटी एकमेकींच्या उलट आहेत, त्यामुळे उंचीला थोडी दबणारी पिशवीच कामाची. चेनला अडकवायची कडी आहे ना, तेही बघा, कारण मांजर नाकाने ढुसण्या देऊन चेन उघडते. वजन आम्ही घरीच केलं, वेचणीचा कापूस मोजायच्या हुकाच्या काट्यावर. मांजरीसकट पिशवी लटकवली, साडेपाच किलोच्या आत भरली. वावरातल्या बाया म्हणाल्या, "हिचा भाव काय लावला?"

पिशवी घरात आली की लगेच बंद करून मांजर आत कोंबू नका. आमची पिशवी काही आठवडे पडवीत उघडी पडून होती, आत आईचं जुनं लुगडं अंथरलेलं. खाणं हळूहळू पिशवीतच द्यायला लागलो. मग थोडा वेळ चेन लावून, मग मोटरसायकलवर दुकानापर्यंत, मग गाडीतून पांढरकवड्यापर्यंत. माझ्या मते सगळ्या तयारीत हीच मोलाची. कागद पैसे देऊन मिळतात, मांजराची सवय मिळत नाही.

दुसरी तयारी शौचाची, आणि ही गावच्या मांजरासाठी जास्त अवघड. चिंगी आयुष्यभर वावरात माती उकरत आली. फ्लॅटमधला ट्रे तिने कधी पाहिलेला नव्हता. आम्ही टोपल्याएवढ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये चाळलेली कोरडी माती ठेवली आणि दर आठवड्याला तिच्यात विकतचं लिटर, म्हणजे मांजराच्या ट्रेत घालायची खडी, वाढवत नेलं. आपली काळी माती ओली झाली की पंजांना गोळा बसतो, म्हणून कोरडीच ठेवायची आणि रोज बदलायची. नसबंदीही जायच्या बऱ्याच आधी करून घ्या. फ्लॅटमध्ये माजावर आलेली मांजर रात्रभर ओरडते आणि शेजारी ऐकून घेत नाहीत.

औषधाबद्दल सगळे विचारतात. झोपेचं औषध देऊ नका. वर गेल्यावर रक्तदाब आणि श्वास यांचा घोळ होऊ शकतो, म्हणून डॉक्टर गुंगीच्या विरोधात असतात. फार घाबरट मांजरासाठी भीती कमी करणारं गॅबापेन्टिन देतात. ते डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, आणि प्रवासाआधी एकदा घरी देऊन पाहून. चिंगीला दिलं तर ती पाय टाकताना डुलत होती, पण शांत होती. घरातली माणसांची गोळी मात्र चुकूनही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा जीव घेते.

आदल्या रात्रीपासून दूध बंद. आपल्याकडची मांजरं दूध-पोळीवर वाढतात, पण मोठ्या मांजराला दूध बरेचदा पचत नाही आणि पिशवीत जुलाब झाले की तुमचं काही खरं नाही. निघायच्या चारपाच तास आधी खाणं थांबवलं, पाणी चालू ठेवलं. पिशवीच्या तळाला लघवी शोषणारा पॅड आणि त्यावर लुगडं. जास्तीचे दोन पॅड आणि एक कॅरीबॅग हातातल्या सामानात.

आम्ही डिसेंबरात, दुपारचं विमान धरून निघालो. उन्हाळ्यात जायचंच असेल तर पहाटेचं किंवा रात्रीचं घ्या. आपल्या मे महिन्यात उभ्या गाडीत मांजर मिनिटांत तापते. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागली की ती साधी भीती समजू नका. ताबडतोब गारव्यात न्या, अंग आणि पंजे ओले करा आणि डॉक्टर शोधा.

गाडीवाला गावातलाच पोट्टा. रस्त्यात मांजर आडवी गेली तर गाडी थांबवणारा, आणि आज मांजर मागच्या सीटवर. "काकू, मांजर इमानात चाल्ली, अन् आपुन अजून नागपूरच्या पुढं नाही गेलो," असं तो आईला म्हणत होता. करंजी, वडकी, वडनेर, हिंगणघाट असा हायवेचा रस्ता. चिंगी हिंगणघाटपर्यंत एका सुरात ओरडली आणि जामला चहाला थांबलो तेव्हा गप्प झाली. पिशवी पुढच्या सीटच्या मागे खाली ठेवा, मांडीवर नको. वर ओढणी टाकली की अंधार होतो आणि आवाज कमी होतो. बुटीबोरीच्या आधी पॅड बदलला. विमानतळ सोनेगावला, वर्धा रोडवरच आहे, त्यामुळे आपल्या बाजूने येणाऱ्यांना शहरात शिरावं लागत नाही. तरी वेळ भरपूर ठेवा. मांजर असली की वेब चेक-इन चालत नाही, काउंटरवरच जावं लागतं.

काउंटरवर कागद बघतात, पिशवीचं वजन करतात, हमीपत्रावर सही घेतात आणि मांजराचं भाडं भरायला लावतात. तिकीट काढतानाच मांजराची नोंद झालेली हवी. एका विमानात ठरावीकच प्राणी घेतात, म्हणून आधी फोन करून जागा आहे का विचारावं आणि मगच तिकीट काढावं. शेवटचा होकार कॅप्टनचा असतो. बसायला मागच्या रांगेत खिडकी मिळते. सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स ठेवा, गेटवर, काउंटरवर आणि चढताना वेगवेगळी माणसं मागतात.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे सुरक्षा तपासणी. पिशवी एक्स-रे यंत्रातून जाते आणि मांजर बाहेर काढून हातात घेऊन दारातून जावं लागतं. ट्रेचा खडखडाट, शिट्ट्या, माणसं. इथे सुटलेली मांजर कुठल्या फटीत शिरेल सांगता येत नाही. म्हणून मांजराला छातीचा पट्टा आधीपासून घालून ठेवा, दोरी मनगटाला गुंडाळा आणि मांजर टॉवेलमध्ये लपेटूनच बाहेर काढा. सीआयएसएफच्या माणसांना आधीच सांगितलं की बायांच्या तपासणीच्या पडद्यामागे काढू द्या, तर त्यांनी काही अडवलं नाही. महिला शिपायाने आईला विचारलं, "अम्मा, काटेगी तो नहीं?" आई म्हणाली, "मले नाही चावत." शिपाई दोन पावलं मागे सरकली. पिशवी यंत्रातून आली की ती पडद्याआड मागून घ्या. मांजर आत, चेन, कडी, मग पट्टा सैल. हा क्रम मोडू नका.

विमानात सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. पिशवी समोरच्या सीटखाली, चेन बंद, ओढणी वरून. उडताना एकदा जोरात ओरडली, पण इंजिनाच्या आवाजात शेजारच्यालाही ऐकू गेलं नाही. कान दडतात तेव्हा मांजर आपोआप गिळतं. आईने जाळीतून बोटावर थोडं मऊ खाणं चाटवलं तेवढंच. पिशवी उघडू नका, कोणी कितीही म्हटलं तरी. पुढच्या सीटवरच्या पोराने पूर्ण प्रवासभर आग्रह केला, त्याच्या आईनेही केला.

डोंबिवलीला पोचल्यावर तिला एकाच खोलीत ठेवलं: ट्रे, पाणी, उघडी पिशवी. ती पलंगाखाली गेली आणि दुसऱ्या दिवशी रात्री बाहेर आली. एक दिवस मांजर खात नसेल तर चालतं, त्याच्या पुढे गेलं तर डॉक्टरला फोन करा. भावाने खिडक्यांना जाळ्या आधीच बसवल्या होत्या. गावच्या मांजराला चौथ्या मजल्याचं भान नसतं, कबुतर दिसलं की ते झेप घेतं.

जी मांजर तुमच्याकडे दूध पिते, दुपारी दुसऱ्याच्या गोठ्यात झोपते आणि रात्री तिसऱ्याच्या माळ्यावर उंदीर मारते, ती नेऊ नका. चिंगी रात्रीला घरात येणारी होती म्हणून निभावलं. तसल्या मांजरीसाठी शेजारच्या घरी खाण्याचे पैसे देऊन ठेवा, तिचंही बरं होईल. गाभण, फार म्हातारी किंवा चपट्या नाकाची मांजर असेल तर डॉक्टर नेऊ देतात का ते आधी विचारा. चपट्या नाकाच्या जातींना श्वासाचा त्रास लवकर होतो.

येताना सगळं पुन्हा. प्रमाणपत्र नवं लागतं, जुनं चालत नाही. आईच्या पिशवीत लसीचं कार्ड ठेवलंय आणि भावाला परळच्या बैलघोडा, म्हणजे प्राण्यांच्या, हॉस्पिटलचा पत्ता देऊन ठेवलाय. परतीचं तिकीट फेब्रुवारीतलंच काढलं, कारण होळीनंतर नागपूरहून गावापर्यंतची दुपार मांजरीला सोसणार नाही.