सोळा पानांचे मूक कॉमिक छापताना

बीड जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी चित्रकला शिकवतो आणि शाळा सुटल्यावर कॉमिक्स काढतो. दिवाळी अंकांना व्यंगचित्र हवे असते ते एका चौकटीचे आणि हसवणारे. आई-बापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या मुलाच्या रिकाम्या बाकाची, एकही शब्द नसलेली माझी सोळा पानी गोष्ट त्यांच्या कुठल्याच सदरात बसेना. संपादकांचा नकार मला रास्तच वाटला, कारण त्यांचा वाचक फराळाबरोबर अंक उघडतो. अमेरिकेत व्यंगचित्रकार लिंडा बॅरी यांची चित्रमालिका पर्यायी, म्हणजे मुख्य प्रवाहाबाहेरच्या, साप्ताहिकांनी वर्षानुवर्षे छापली आणि पुढे त्या विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवू लागल्या. आमच्या भागात तशी साप्ताहिके नाहीत, म्हणून पुस्तिका पदरमोड करून छापायचे ठरवले.

चित्रे 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके), करड्या छटा न ठेवता निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केली, म्हणजे बारीक रेषा छपाईत फिसकटत नाहीत. खरी कसरत पानांच्या मांडणीची. ए-4 कागद मधोमध दुमडला की चार पाने होतात, म्हणून पानसंख्या चारच्या पटीतच लागते. शिवाय सोळा पानांच्या पुस्तिकेत कागदावर शेजारी येणाऱ्या पानांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी 17 यावी लागते, म्हणजे एका बाजूला 16 आणि 1, तर त्याच कागदाच्या मागे 2 आणि 15. छत्रपती संभाजीनगरच्या छापखान्यात कोऱ्या कागदांची डमी पेन्सिलीने आकडे टाकून दिली, तेव्हा लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांतून मान वर करून ऑपरेटर म्हणाला, "सर, मजकूर टाकायचा राहिला की." मजकूर नाहीच, हे त्याला घडीवर सेंटर पिन मारून होईपर्यंत पटले नव्हते.

पालक मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षांना बसवतात ते बहुधा दहावीच्या वाढीव गुणांसाठी, आणि त्यात गैर काही नाही. पण त्याच परीक्षांतील स्मरणचित्र मला कॉमिकच्या सर्वांत जवळचे वाटते, कारण आठवडी बाजार असो वा बसस्थानक, समोर काहीही नसताना माणसे त्यांच्या लकबींसह कागदावर उतरवायची असतात. सरावासाठी मी आता प्रत्येकाला एक कागद देतो. त्याला तीन घड्या आणि मधोमध एक काप दिला की आठ पानांची पुस्तिका होते, आणि तिच्यात मुले आपला कालचा दिवस काढतात. हे अभ्यासक्रमात कुठे येते, असे मुख्याध्यापकांनी विचारले, तेव्हा पाठांच्या टाचण वहीत मी 'स्मरणचित्र : सराव' अशी नोंद केली.