घंटागाडीतला सडलेला पत्रा

कचरा वेगळा करणं अवघड नाही, हे आधीच सांगून टाकते. दोन डबे आणि एक पोतं ठेवलं की आठ दिवसांत हात बसतो. माझे तीन महिने गेले ते एका पत्र्यापायी.

घंटागाडीत मधोमध पत्रा असतो, एका बाजूला ओला कचरा, दुसऱ्या बाजूला सुका. आमच्या गल्लीत येणाऱ्या गाडीतला तो खालून पार सडला होता. मी दुधाच्या पिशव्या धुऊन, दोरीवर वाळवून, गठ्ठा बांधून द्यायची आणि माझ्या डोळ्यांदेखत तो गठ्ठा घरंगळत जाऊन कुणाच्या तरी भरताच्या जळक्या सालींत पडायचा. गाडीवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "ताई, पत्रा सडेल शे. मी काय करू?" त्याचंही खरंच होतं.

गेले मग पालिकेत. पहिली खिडकी म्हणाली, आरोग्य विभागात जा. तिथले साहेब फिरतीवर. दुसऱ्या दिवशी साहेब भेटले, पण गाडी ठेकेदाराची, तुम्ही लेखी द्या. लेखी दिलं, तर आवक-जावकच्या बाई म्हणाल्या, "घरपट्टीची पावती जोडा."

"पत्र्याचा आणि घरपट्टीचा काय संबंध?"

"अर्जदार गावातलाच आहे हे कळायला नको?"

बाहेर ऊन मी म्हणत होतं. घरी येऊन कपाट उपसलं, तर पावती दोन वर्षांपूर्वीची. चालू घरपट्टी भरली तेव्हा कुठे अर्जावर शिक्का पडला. तक्रार करायला गेले आणि वसुली देऊन आले!

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढच्या खेपेला मला "असा अर्जच नाही" ऐकवलं. पोच पुढे केली, तशी दोन मिनिटांत फाइल निघाली. माझी चूक एवढीच की पहिल्या अर्जात "योग्य ती कार्यवाही व्हावी" असं मोघम लिहिलं होतं. दुसऱ्यात गाडीचा नंबर, गल्ली, येण्याची वेळ टाकली आणि पत्र्याचा फोटो जोडला. शिवाय तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांचा दाखला दिला: ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणं आमचं काम, तर वेगळा दिलेला वेगळाच नेणं तुमचं. साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं, मला जरा बरं वाटलं.

तरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाऊन आले, पत्रा तसाच. मृगाचा पहिला पाऊस पडला आणि एका सकाळी गाडी आली ती मध्ये चकचकीत नवा पत्रा घेऊन. मी शेजारच्या काकूंना हाक मारून दाखवला.

दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना पूर्ण तोडू नका, हे राहिलंच सांगायचं. तो एवढासा तुकडा कुणी वेचत नाही. पुठ्ठा ओला झाला की भंगारवाला भाव पाडतो. सेल आणि सीएफएलचे दिवे मी वेगळ्या डब्यात साठवते, कारण त्या दिव्यांत पारा असतो. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वरून लाल खूण करते, म्हणजे उघडून बघायची वेळ कुणावर येत नाही.

नव्या पत्र्याच्या कौतुकात मी पिशव्यांचा गठ्ठा सुक्याच्या कप्प्यात टाकायला गेले, तर गाडीवरच्या पोऱ्याने मध्येच हात धरला. "ताई, सुकं माझ्या हातात देत जा." गाडीच्या कडेला त्याचं पोतं लोंबत होतं. बाटल्या, पिशव्या, तुटक्या बादल्या तो त्यात भरतो आणि संध्याकाळी भंगारात विकतो. फुटक्या बादल्या-खुर्च्यांचा प्लास्टिकचा बारीक दाणा होतो आणि त्या दाण्याच्या जळगावच्या एमआयडीसीत चटया निघतात, हेही त्यानेच सांगितलं. आमच्या ओट्यावरची चटई तिथलीच.

पत्रा अजून नवाच आहे. माझा गठ्ठा मात्र रोज पोत्यात जातो.