घरात सांगणे

गावाकडचं जुनं घर आम्ही मागच्या दिवाळीनंतर उतरवलं. सासवडच्या पुढे आमची वाडी आहे, मातीच्या भिंती पार फुगल्या होत्या, अजून एक पावसाळा निघाला नसता. माळ्यावर आबांची ट्रंक होती, लष्करातली, काळी, वर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर, निम्मा उडालेला. तिच्यात एक पत्र्याचा डबा आणि डब्यात धोतराच्या फडक्यात बांधलेली पत्रं. त्रेचाळीस. मी ती धनकवडीला घेऊन आले आणि तेव्हापासून रोज रात्री ओटा आवरला की तीच घेऊन बसते, नवरा म्हणतो झोप आता, पण एक पत्र काढलं की दुसरं काढल्याशिवाय राहवत नाही.

आबा म्हणजे माझे आजोबा. १९४० ला खडकीत बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले आणि १९४६ ला घरी आले. मध्ये सहा वर्षं एकदाही घराचं तोंड बघितलं नाही. आधी इरिट्रिया, मग इजिप्त आणि लिबियाचं वाळवंट, ट्युनिशिया, तिथून इटली आणि शेवटी ग्रीस, चौथ्या इंडियन डिव्हिजनबरोबर. भरतीच्या आधी दोनच वर्षं लग्न झालेलं. आजी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेल, मूलबाळ नाही, घरात सासू-सासरे, दोन दीर, एक विधवा चुलतसासू.

सॅपर म्हणजे पायदळाच्या पुढे जाऊन रस्ता करणारे, पूल बांधणारे, जमिनीत पुरलेले सुरुंग शोधून काढणारे. आबा युद्धाबद्दल बोलायचेच नाहीत, पण भगत साहेबांचं नाव मात्र काढायचे. प्रेमिंद्रसिंग भगत, बॉम्बे सॅपर्सचेच, १९४१ च्या फेब्रुवारीत इथिओपियात त्यांनी चार दिवस ५५ मैलांच्या रस्त्यावरचे १५ सुरुंगक्षेत्र साफ केले, गाडी दोनदा उडाली, कानाचा पडदा फाटला तरी काम सोडलं नाही, आणि दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. हे सांगताना आबा ताठ बसायचे. स्वतः काय केलं ते कधीच नाही.

तर पत्रं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पणजोबांना, म्हणजे तात्यांना लिहिलेली. "तीर्थरूप तात्यांचे चरणी बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष." मग इकडील क्षेम, मग बैलांची चौकशी, पाऊस किती झाला, विहिरीला पाणी आहे का, धाकट्याला शाळेतून काढू नये, मनीऑर्डर मिळाली का, आणि शेवटी उत्तर सत्वर पाठवणे. कुठून लिहिलं ते नाही, कारण ठिकाण लिहायला बंदीच होती, वर नुसता फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि सेन्सरचा शिक्का. दोन पत्रांत मधल्या ओळीवर काळी शाई फिरवलीय, उजेडासमोर धरून पाहिलं तरी काही दिसत नाही.

मी पहिल्यांदा सगळी वाचून काढली आणि मला खरंच वाईट वाटलं. सहा वर्षं, त्रेचाळीस पत्रं, आणि आजीला एकही नाही. तिचं नावसुद्धा नाही कुठे. मी आत्याला फोन करून तेच बोलले, म्हटलं आबांनी आजीला काहीच लिहिलं नाही गं. आत्या हडपसरला असते, सत्त्याहत्तर वर्षांची आहे. ती म्हणाली, तू नीट वाच, "घरात" असं लिहिलंय का बघ.

लिहिलं होतं की. जवळजवळ प्रत्येक पत्रात होतं. "घरात सांगणे, काळजी करू नये." "घरात विचारणे, डोकेदुखी थांबली का." मी ते वाचताना घरात सांगा म्हणजे घरच्या सगळ्यांना सांगा असंच समजून पुढे गेले होते. आत्या म्हणाली, "अगं येडे, घरात म्हंजी आमची आई. तवा बायकोचं नाव कोण घेत होतं?"

मग मी पहिल्या पत्रापासून परत सुरुवात केली.

आणि बघा, तीच पत्रं पण सगळी वेगळीच वाचली गेली. बैल, पाऊस, विहीर हे तात्यांसाठी, ते पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात. शेवटी कागद संपत आला की अक्षर बारीक होतं, ओळी दाटीवाटीने येतात आणि तिथे "घरात" सुरू होतं. एका पत्रात कडेच्या मोकळ्या जागेत कागद आडवा करून लिहिलंय, "घरात सांगणे, कांबळे फार उपयोगी पडते. रात्री तेच घेतो." कांबळं आजीच्या माहेरचं होतं, हे आत्याने सांगितलं, नाहीतर मला काय कळणार होतं.

त्या कांबळ्याच्या पत्रावर तारीख आहे १९४४ च्या फेब्रुवारीची. मी नेटवर आणि लायब्ररीत तारखा जुळवत बसले होते. तेव्हा चौथी डिव्हिजन इटलीत कॅसिनो नावाच्या गावापाशी होती. १५ फेब्रुवारीला तिथल्या डोंगरावरचा मठ विमानांनी बॉम्ब टाकून जमीनदोस्त केला, त्यानंतर आपले लोक त्या डोंगरावर चढाई करत होते, भर थंडीत, पावसात, खाली चिखल आणि वर जर्मन. डिव्हिजनच्या सॅपर्सनी न्यूझीलंडच्या इंजिनिअर लोकांबरोबर डोंगराच्या मागून रणगाडे जातील असा रस्ता फोडला, तोही शत्रूला कळू न देता. आणि आबा तात्यांना काय लिहितात, तर "येथे काम रस्त्याचे आहे. डोंगर आपल्या दिवे घाटासारखा आहे. थंडी बरीच. बाकी सर्व क्षेम." दिवे घाट सेन्सरवाल्यांना कळला नसावा, ती ओळ शाबूत आहे. मी दिवे घाटातून कमीत कमी शंभर वेळा गेले असेन, गेल्या महिन्यात गेले तेव्हा वरच्या वळणावर गाडी बाजूला घेतली आणि नुसती उभी राहिले थोडा वेळ.

पत्र यायचं त्याची एक पद्धत होती, तीही आत्याकडून कळली, तिला आजीने सांगितलेली. घरात वाचता येणारं कोणी नाही, तात्यांना सही येत होती तेवढीच. पत्र आलं की संध्याकाळी शाळेचे मास्तर ओट्यावर येऊन बसायचे, त्यांना चहा व्हायचा, शेजारपाजारचे जमायचे, आणि मास्तर मोठ्याने वाचायचे. एकदाच. परत वाचा म्हणायची सोय नव्हती. आजी माजघरात दाराआड उभी. म्हणजे आबांनी लिहिलेलं तिच्यापर्यंत पोचायच्या आधी सेन्सरवाला साहेब वाचणार, मग मास्तर, मग तात्या ऐकणार, सासू ऐकणार, अख्खी आळी ऐकणार, आणि मग दाराआड ही. अशा वाटेने नवऱ्याने बायकोला काय म्हणून लिहायचं? डोकं दुखतं का आणि कांबळं उपयोगी पडतं, एवढंच लिहिता येतं.

त्या युद्धात हिंदुस्थानातून २५ लाखांच्या आसपास माणसं फौजेत होती. खडकीला, बेळगावला भरती झालेल्या आपल्याकडच्या कितीतरी घरांत अशी पत्रं आली असतील आणि किती जणींनी ती दाराआडून ऐकली असतील. आपण युद्धाचं वाचतो तेव्हा हे दार कुठे असतं?

आता डब्यातली दुसरी गोष्ट, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

पत्रांच्या खाली एका पाकिटात छोटे छोटे कागद होते, चौदा. मनीऑर्डरच्या पोचपावत्या. ज्यांनी कधी मनीऑर्डर केली नसेल त्यांना सांगते, पैसे ज्याला मिळाले त्याची फॉर्मच्या एका तुकड्यावर सही घ्यायचे आणि तो तुकडा पैसे पाठवणाऱ्याकडे परत जायचा, म्हणजे त्याला कळायचं की पोचले. सही येत नसेल तर अंगठा, आणि शेजारी साक्षीदाराची सही. माझ्या वडिलांना वाटायचं की आबांनी त्या हिशोबासाठी जपल्या, कारण आबा हिशोबाला पक्के, दहा पैशाची नोंद ठेवणारे.

पण चौदाही पावत्यांवर अंगठा आजीचा आहे. निळसर-जांभळी शाई, शेजारी मास्तरांची बारीक सही, खाली पोस्टाचा गोल शिक्का.

मी परत पत्रांकडे गेले. १९४२ च्या एका पत्रात सापडलं. "यापुढे मनीऑर्डर घरातले नावाने येईल. इकडील ऑफिसचा तसा हुकूम आहे. तरी आपण मनात काही आणू नये." आत्याला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, कसला हुकूम, गावातली आणखी दोघं फौजेत होती, त्यांच्या मनीऑर्डरी बापाच्याच नावाने यायच्या. तात्या चिडले होते म्हणे. पैसे शेवटी त्यांच्याच हातात जायचे, त्यात काही फरक नाही, पण पोस्टमन आला की सुनेला ओट्यावर बोलवावं लागायचं, चार पुरुषांसमोर तिचा हात पुढे करून अंगठा उठवावा लागायचा, ते त्यांना खटकायचं. सासू दोन दिवस बोलली नव्हती.

आबांनी तो हुकूम कुठून आणला ते मला आता चांगलं कळतंय. पत्राचं उत्तर जायचं ते तात्या सांगणार आणि मास्तर लिहिणार, त्यात आजीचं असं काही नसायचंच, फार तर "घरात खुशाल आहे". तिच्या हातचं म्हणून वाळवंटात त्यांच्यापर्यंत पोचेल अशी एकच गोष्ट होती.

आणि ते नुसतं मी आपल्या मनाने म्हणत नाही, ऐका पुढचं.

आजी एक गोष्ट नेहमी सांगायची. लढाईच्या काळात एकदा ज्वारीच्या काढणीत विळा लागून तिचा अंगठा चांगलाच फाटला होता, हळद दाबून चिंधी बांधली, महिनाभर भाकरी थापताना त्रास झाला. घरच्यांनी काही ते पत्रात कळवलं नाही, एवढ्याशा गोष्टीसाठी कोण कळवतं. आणि चार-पाच महिन्यांनी आबांच्या पत्रात शेवटी आलं, "घरात विचारणे, बोटाला काय लागले?" मास्तर वाचता वाचता थांबले. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. सासूने मास्तरांवरच संशय घेतला की तुम्ही लिहिलंत का. मास्तरांनी देवाशपथ सांगितलं की नाही. आजी हे सांगताना दर वेळी म्हणायची, त्यांना तिकडं कळलं बघ, मला दुखलं ते. आम्ही नातवंडं तो व्रण बघायला तिचा अंगठा ओढायचो. तिरका, पांढरा, नखाच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत. मऊ होता हाताला, बाकीचा अंगठा खरखरीत आणि तेवढीच रेघ मऊ.

ते पत्र माझ्यासमोर आहे. ऑगस्ट १९४४. त्यातच वर लिहिलंय की इकडेही अंजीर होते, पण आपल्याकडच्यासारखे नाही. आणि पावत्यांच्या गठ्ठ्यात सासवडकडचा मार्च १९४४ चा शिक्का असलेली एक पावती आहे. तिच्या आधीच्या पावत्यांवर अंगठ्याच्या सगळ्या रेघा गोल गोल, अखंड, एकीत एक. मार्चच्या पावतीवर मधून एक तिरकी पांढरी फट गेलीय, कडेला शाई थोडी फुटलेली, जखम ओली असावी. आणि पुढच्या सगळ्या पावत्यांवर ती फट आहे, हळूहळू बारीक होत गेलेली.

ही पावती इटलीत त्यांच्या हातात कधी पडली असेल आणि किती वेळ ते तिच्याकडे बघत बसले असतील? कारण अशी फट सहज बघून दिसत नाही. मलाही आधीची पावती शेजारी ठेवल्यावर दिसली, वरून टेबललॅम्प लावून. म्हणजे त्यांनीही आधीची शेजारी ठेवली असणार. म्हणजे आधीच्या सगळ्या त्यांच्याजवळ होत्या, वाळवंटापासून, खिशात नाहीतर पिशवीत, आणि पुढे त्या ग्रीसपर्यंत गेल्या आणि बोटीने परत येऊन पुरंदर तालुक्यातल्या एका माळ्यावर ऐंशी वर्षं पडून राहिल्या.

आबा १९८७ ला गेले, आजी २००३ ला. शेवटपर्यंत ती सांगत राहिली की त्यांना तिकडं कळलं. म्हणजे आबांनी तिला पावतीचं कधी सांगितलंच नाही. इतकी वर्षं एका घरात राहून, तीच गोष्ट ती त्यांच्यासमोर दहा जणांना सांगत असताना, ते गप्प बसून सुपारी कातरत राहिले.

मागच्या रविवारी मी हडपसरला गेले सगळं घेऊन. आत्याच्या समोर टेबलावर दोन्ही पावत्या ठेवल्या, तिला भिंग दिलं, दाखवलं इथे बघ. तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बऱ्यापैकी दिसतं. खूप वेळ बघितलं तिने. मी विचारलं, आबांनी आजीला सांगायला हवं होतं का गं? ती म्हणाली, "कशाला? त्यांना कळलंच व्हतं की."

मग मी पावत्या परत पाकिटात भरायला लागले, प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, शाई जाते असं एकीने सांगितलं होतं म्हणून बटर पेपरच्या घड्या करून नेल्या होत्या. तेरा भरल्या. मार्चची आत्याने हातातच धरून ठेवली होती, आणि मी मागितली नाही.