आबांचे अकरा, माझे चार

गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर मी आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, हातात एक कोरा कागद आणि पेन्सिल दिली. टीव्हीवर यूट्यूब लावलं आणि गेल्या हंगामातला कोल्हापूरचा एक फुटबॉल सामना शोधून काढला. शाहू स्टेडियम, त्यांची तालीम विरुद्ध माझ्या माहेरची तालीम (इथं फुटबॉलची टीम तालमीचीच असते). म्हटलं, "आबा, फक्त फाऊल मोजायचे. पंचानं दिलेले न्हवं, तुम्हाला दिसतील तेवढे. दोन्हीकडचे. पूर्वार्ध संपला की कागद दाखवायचा."

"ह्यात काय अवघड हाय?" म्हणाले. चष्मा पुसला आणि खुर्ची पुढं ओढली.

मी अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. त्यामुळं असले उद्योग घरातल्या माणसांवर करायची मला खोड आहे. पूर्वार्ध संपला. माझ्या माहेरच्या पोरांचे फाऊल: आबांचे अकरा, माझे चार. त्यांच्या पोरांचे: आबांचे तीन, माझे नऊ. सामना एकच, टीव्ही एकच, सोफाही एकच.

आबांनी माझा कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "नंबर बदललाय तुझा. डोळं तपासून घे."

ही कल्पना माझी नव्हे. नोव्हेंबर १९५१ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन कॉलेजांचा फुटबॉलचा सामना झाला (त्यांचा तो हातात चेंडू धरून पळायचा फुटबॉल). फार राडा झाला. प्रिन्स्टनच्या हुकमी खेळाडूचं नाक फुटलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. पुढं दोन प्राध्यापकांनी, हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल त्यांची नावं, दोन्हीकडच्या मुलांना त्या सामन्याची एकच फिल्म दाखवून नियमभंग मोजायला लावले. डार्टमथच्या मुलांना आपल्या संघाचे सरासरी ४.३ दिसले, प्रिन्स्टनच्या मुलांना त्याच संघाचे ९.८. १९५४ मध्ये त्यांनी हे छापलं. दोघांचं म्हणणं असं की मुलं खोटं बोलत नव्हती, दोन्हीकडच्यांनी खरोखर वेगवेगळे सामने पाहिले होते.

हे मी आबांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे त्या पहिल्या कॉलेजची पोरं तुझ्यागत होती."

माझं माहेर शिवाजी पेठेतलं आणि सासर मंगळवार पेठेतलं. चालत गेलं तर पंधरा मिनिटं. कोल्हापूरबाहेरच्यांना सांगून पटत नाही, पण फुटबॉलच्या दिवसांत ही पंधरा मिनिटं फार लांबची असतात. तालमींची नावं इथं सांगत नाही, सांगितली तर निम्मे कोल्हापूरकर वाचक इथंच उठून जातील. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण, प्रॅक्टिस, फुलेवाडी, यांतल्या कुठल्याही दोन समजा. इथं क्लब म्हणजे कुणी पैसे घालून काढलेली कंपनी नव्हे. आधी तालीम होती, म्हणजे लाल मातीचा हौदा आणि कुस्ती. गणपती त्याच तालमीचा, शिवजयंतीही तिचीच आणि फुटबॉलची टीमही तिचीच. त्यामुळं 'तुझी टीम कुठली' हा प्रश्न इथं कुणी विचारत नाही. 'राहायला कुठं?' एवढं विचारलं की कळतं.

नाना, माझे वडील, मला खांद्यावर बसवून स्टेडियमला न्यायचे. कागदाच्या पुडीतले शेंगदाणे, पाठीमागून येणाऱ्या शिव्या (त्या ऐकू येऊ नयेत म्हणून नाना मोठ्यानं 'शाब्बास, शाब्बास' ओरडायचे) आणि गोल झाला की सगळी गॅलरी एकदम उभी राहायची तेव्हा नानांच्या खांद्यावरून मला दिसणारी डोक्यांची लाट. बारा वर्षांची झाले आणि हे बंद झालं. "आता मोठी झालीस." भावाला मात्र न्यायचे. मग मी गच्चीवर बसून निकाल ओळखायला शिकले. फटाके कुठल्या अंगाला वाजतात, त्यावरून. आपल्या चौकात वाजले तर जिंकलो. स्टेडियमच्या पलीकडं वाजले तर आई म्हणायची, "आज नानांना ताट वाढून देऊ नका, आधी पाणी द्या."

गंमत बघा, ज्या तालमीसाठी मी गच्चीवर जीव मुठीत धरून बसायचे, तिच्या उंबऱ्याच्या आत मी आजवर एकदाही गेलेली नाही. बायका जात नसत. गणपतीला मांडवात, तेवढंच. पण सामना जिंकल्यावर 'आपण जिंकलो' म्हणताना मला कुणी अडवलं नाही. त्या तालमीचं एवढंच सभासदत्व मला मिळालं होतं, तेही न मागता.

आणि तेच टिकलं. लग्न झालं, आडनाव बदललं, रेशनकार्डावरचं नाव इकडून तिकडं गेलं, कुलदैवत बदललं, आमटीचा मसालासुद्धा बदलला. टीम बदलली नाही. सासूबाईंनी पहिल्याच हंगामात सहज म्हटल्यासारखं केलं, "आता तुझी तालीम हीच की." मी हो म्हटलं आणि मोरीत जाऊन भावाला फोन लावला, स्कोअर किती झाला म्हणून.

लोक टीमवर प्रेम का करतात याची पुस्तकी उत्तरं बरीच आहेत. विरंगुळा, थरार, खेळाचं सौंदर्य वगैरे. मला ती अपुरी वाटतात. खेळाच्या सौंदर्यावर प्रेम असतं तर आबांना आमच्या लेफ्ट विंगचं पोरगं आवडलं असतं. काय खेळतं ते! खेळाडूंवर प्रेम असतं तर दर हंगामाआधी खेळाडू नोंदणीच्या वेळी पोरं या तालमीतून त्या तालमीत जातात, तेव्हा आपलं प्रेमही त्यांच्या मागं गेलं असतं. आमच्याकडं दोन हंगाम एक नायजेरियन स्ट्रायकर होता. आबा त्याला आडदांड म्हणायचे. "फुटबॉल खेळतोय का ऊस तोडतोय?" तिसऱ्या वर्षी तो आबांच्या तालमीनं घेतला. पहिल्याच सामन्यात त्यानं आमच्या बॅकला खांदा मारून पाडलं, तर आबा म्हणतात, "ताकदीचा गडी हाय." मी सोफ्यावरून त्यांच्याकडं नुसती बघत राहिले. अर्थात खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही तो आडदांडच वाटला.

बरं, यासाठी पेठ, तालीम, पिढ्या, एवढंही लागत नाही. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या सुमाराला ब्रिस्टलमध्ये शाळकरी मुलांना काही चित्रं दाखवली आणि सांगितलं की तुला क्लेची चित्रं आवडली, तुला कँडिन्स्कीची, म्हणून तुम्ही वेगवेगळ्या गटांत. प्रत्यक्षात गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले होते. मग मुलांना इतरांमध्ये पैसे वाटायला दिले. आपल्या गटात कोण आहे हे माहीत नाही, स्वतःला काही मिळणार नाही, तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. त्यातही आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण त्यांच्यापेक्षा जास्त पाहिजे, असा कल दिसला. वर्गात हे शिकवताना मी मुलांना विचारते, ब्राझील की अर्जेंटिना? क्षणात वर्ग दुभंगतो. या दोन्ही देशांतला एक माणूसही त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. २०२२ च्या डिसेंबरात अर्जेंटिना टायब्रेकरवर जिंकली, तेव्हा रस्त्यात गुलाल उधळणाऱ्यांत यांतलेच काही होते. मी ब्राझीलची. का, तर लहानपणी आमच्या घरासमोरची भिंत वर्ल्डकपच्या वेळी पोरांनी पिवळी-हिरवी रंगवली होती. भिंत निळी-पांढरी असती तर माझं सगळं आयुष्य मेस्सीच्या बाजूनं गेलं असतं.

या प्रेमाची दुसरी बाजू मला झाकायची नाही. माझ्या मावसभावाच्या कपाळावर पाच टाक्यांची खूण आहे, एका सामन्यानंतरच्या दगडफेकीतली. दगड कुणाकडून आला ते त्याला माहीत नाही, पण विचारलं तर तो लगेच सांगतो. हुल्लडबाजीपायी इथं हंगाम अर्ध्यात थांबलेले आहेत. आणि शरीरही सोसतं ते वेगळंच. २००६ चा वर्ल्डकप जर्मनीत झाला, तेव्हा म्युनिक आणि आसपासच्या डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या २.६६ पट निघाल्या. आबांची अँजिओप्लास्टी झाल्यावर हा आकडा मी त्यांना मुद्दाम सांगितला. तेव्हापासून टायब्रेकर सुरू झाला की ते जिन्यात जाऊन उभे राहतात आणि तिथून दर मिनिटाला विचारतात, "मारला का? कुणी मारला? का गेला वरनं?" यानं हृदयाला आराम कसा पडतो, देव जाणे.

आपली निष्ठा किती घट्ट आहे ते मोजायला डॅनियल वॅन आणि नायला ब्रॅन्सकोंब यांनी १९९३ मध्ये सात प्रश्नांची एक पट्टी तयार केली. प्रत्येक उत्तराला एक ते आठ गुण. त्यात एक प्रश्न आहे, तुमच्या कट्टर प्रतिस्पर्धी संघाचा तुम्हाला किती तिटकारा आहे? मी आबांना विचारला. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "आठाच्या म्होरं न्हाई का काय?" मग काहीतरी लक्षात आल्यासारखं होऊन म्हणाले, "तू सोडून."

पण मला सगळ्यात जास्त पटलेला अभ्यास वेगळाच आहे, आणि तो मराठीत जास्त खुलतो. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवलं की कॉलेजचा संघ शनिवारी जिंकला की सोमवारी कॉलेजचं नाव असलेले कपडे घालून येणारी मुलं वाढतात. फोन करून सामन्याचं विचारलं, तर जिंकलेल्या सामन्याबद्दल मुलं 'वुई' जास्त वेळा म्हणतात आणि हरलेल्याबद्दल 'दे', म्हणजे 'ते'. नानांचं अगदी हेच. जिंकलं की "आपण जिंकलो", हरलं की "खेळलीच न्हाईत पोरं". पण इंग्रजीत 'वुई' एकच. आपल्याकडं दोन आहेत, 'आम्ही' आणि 'आपण', आणि समोरच्याला आत घ्यायचं की उंबऱ्याबाहेर ठेवायचं ते या दोन शब्दांत ठरतं. लग्नानंतरची तीन वर्षं आबा चहा पिताना मला सांगायचे, "काल आम्ही जिंकलो." घरात सगळ्यांशी आपण, माझ्याशी आम्ही. मुद्दाम नव्हे. फुटबॉलपुरतंच. बाकी पुरणाची डाळ आपली, लाईटचं बिल आपलं.

९ जुलै २०१४, रात्री दीडचा सामना. ब्राझील-जर्मनी, उपांत्य फेरी. आबाही ब्राझीलचे, हे मला त्या महिन्यातच कळलं होतं. मंगळवार पेठेतही कुठली तरी भिंत पिवळी असणार. नवरा झोपला होता, त्याला क्रिकेटसुद्धा वीस षटकांच्या वर सोसत नाही. हॉलमध्ये आम्ही दोघंच, आवाज बारीक केलेला, मी फ्लास्कमध्ये चहा करून ठेवलेला. अकराव्या मिनिटाला जर्मनीचा पहिला गोल बसला. तेविसाव्याला दुसरा. नंतर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. एकोणतिसाव्या मिनिटाला पाच शून्य. मधल्या एका गोलला मला वाटलं रिप्लेच दाखवतायत, म्हणून मी आबांना तसं म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "न्हाई गं. नवा हाय."

मध्यंतरात त्यांनी फ्लास्क उघडला आणि माझ्याही कपात ओतला. आजवर या घरात त्यांनी कुणाच्या कपात चहा ओतलेला मी पाहिला नव्हता. "जा, झोप जा तू. कॉलेज हाय सकाळी." मी म्हटलं, बसते. उत्तरार्धात आणखी दोन बसले. सात शून्य. स्टेडियममधली लोकं रडताना दाखवत होते. आबा पाय सोफ्यावर घेऊन, डोक्यावर टॉवेल टाकून बसले होते, पण टीव्ही बंद करा म्हणाले नाहीत.

नव्वदाव्या मिनिटाला ब्राझीलच्या ऑस्करनं एक गोल मारला. आबांनी डोक्यावरचा टॉवेल काढला. सव्वातीन वाजले होते.

"मारला बघ आपण," ते म्हणाले.