हंगामातली पहिली शर्यत : 800 चे चार फेरे

परतीच्या पावसामुळे दोनदा पुढे गेलेली मातीवरची मोटारींची शर्यत या रविवारी एकदाची झाली. पैठण रस्त्याकडचं मुरमाचं मैदान. साडेसहाला पोचलो तेव्हा रोलर फिरून गेला होता, टँकर पाणी मारत होता आणि शेजारच्या रानात कापूस वेचायला बाया आल्या होत्या. ओल्या मुरमाचा तो वास आला आणि सहा महिन्यांची वाट पाहणं फिटलं.

आधी गाडीचं सांगतो. मारुती 800, कार्ब्युरेटरची, 796 सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर. पावसाळ्यात मागचं सीट, गालिचा आणि स्टेपनी काढली. बॅटरी लोखंडी पट्टीने आवळली. संपखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेलाचं भांडं असतं त्याच्याखाली, तीन मिलिमीटरचा पत्रा लावला, तो वाळूजला एका वर्कशॉपमध्ये वाकवून घेतला. 1985 साली तिथे बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने लेथ, प्रेस, वेल्डिंगवाले वाढले. संभाजीनगरात हा छंद परवडतो तो त्यांच्यामुळेच. हँडब्रेकची केबल ताणून घेतली आणि मागच्या ड्रममध्ये नवे लायनर टाकले.

मैदान साधारण 900 मीटर, वळणं पाच. एकेक गाडी सोडतात, घड्याळाशी शर्यत. हेल्मेट, पट्टा आणि अग्निशामक नळकांडं तपासल्याशिवाय कुणालाही आत घेत नाहीत. तपासणी झाली की मैदान पायी फिरायला पंधरा मिनिटं मिळतात. ती मी पूर्वी चहात घालवायचो. या वेळी पूर्ण फिरलो, चपलेने माती उकरून पाहिली. वर बोटभर सुटा मुरूम, खाली कडक थर. तिसऱ्या वळणाला मात्र खाली काळी माती होती, टाच रुतत होती.

पहिला फेरा 1:14.6. तिसऱ्या वळणाला जोरात शिरलो, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी नाक सरळच. पुढच्या चाकांना ओढायचं आणि वळवायचं अशी दोन्ही कामं, आणि ओल्या मातीत पकड एकाचीही पुरेना. दुसऱ्या फेऱ्यात आणखी जोर लावला, 1:14.1. एवढ्या धडपडीचा अर्धा सेकंद.

बांधावर एक आजोबा बसले होते, शेजारचं रान त्यांचंच. म्हणाले, "लेकरा, औत वळवताना बैल पळवतो का कोणी? आधी दमानं घ्यायचं, तोंड फिरलं की मग हाक मारायची." आमच्या घरीही औत होतं, म्हणून ते लगेच पटलं. तिसऱ्या फेऱ्याला दुसऱ्या गिअरवर आधीच आलो, वळणाच्या तोंडाशी ॲक्सिलरेटर सोडला. वजन पुढे आलं, पुढची चाकं धरली, नाक आत वळलं, आणि गाडी सरळ झाल्यावरच पाय दाबला. घड्याळात 1:11.8! आजोबांना सांगायला बांधापर्यंत धावत गेलो.

चौथ्या फेऱ्यापर्यंत मैदान बदललं होतं. गाड्यांनी सुटा मुरूम बाहेरच्या कडेला फेकला होता आणि मधे कडक, चकाकणारी मळवाट पडली होती. तिच्यावर चाक असेतो गाडी रुळावरून गेल्यासारखी जाते. वीतभर बाहेर गेलं की खाली गोट्या पसरल्यासारखं. शेवटच्या वळणाला हँडब्रेक क्षणभर जास्त ओढला, शेपूट फिरून मागची चाकं त्या खड्यांवर गेली. 1:12.9. धक्क्याने सायलेन्सरचं रबरही तुटलं.

आमच्या गटात सर्वांत जलद वेळ 1:08.3. म्हणजे साडेतीन सेकंद काढायचे आहेत, आणि ते इंजिनात नाहीत, दुसऱ्या आणि तिसऱ्या वळणात आहेत. जिप्सीत इंजिनाचा जोर चारही चाकांना जातो, तिच्याशी तुलनाच नको.

टायरमधल्या हवेच्या दाबाचा प्रयोग जमला. पुढे 22, मागे 28 ठेवला होता. मागची पकड थोडी कमी झाली आणि शेपूट सहज फिरू लागलं. दुपारच्या कोरड्या मैदानावर मागे 26 करून पाहीन.

दुपारी डिकी उघडून धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. संध्याकाळी घरी एअर फिल्टर आपटला तर ओंजळभर तांबडा फुफाटा निघाला, चार फेऱ्यांत एवढा. पुढच्या वेळी वरून फोमचं कव्हर घालणार आणि दोन फेऱ्यांनंतर झाडणार. सायलेन्सरला दोन रबरं जास्तीची आणून ठेवली आहेत. 12 इंची चाकाला खोल नक्षीचे, मातीत चालणारे टायर कुणी वापरले असतील तर कुठे मिळाले आणि दाब किती ठेवता, ते जरूर सांगा.