बुरानोची गल्ली रिकामी कधी मिळते?

व्हेनिसजवळच्या बुरानो बेटाचे फोटो टाकले की घरच्या ग्रुपवर हमखास विचारणा होते, "तिथे माणसं राहत नाहीत का गं?" राहतात की! शिवाय व्हेनिस बघायला आलेले बरेच जण या बेटावरही येतात आणि उन्हाळ्यात दुपारी चालायला जागा नसते. तरी पिवळ्याधमक, गुलाबी, गडद निळ्या भिंतींसमोर एकही माणूस नाही असा फोटो मिळतो. त्यासाठी कॅमेऱ्याआधी बोटीचं वेळापत्रक बघायचं.

व्हेनिसच्या फोंदामेंते नोव्हे धक्क्यावरून १२ नंबरची वापोरेत्तो, म्हणजे इथली बससारखी धावणारी बोट, साधारण पाऊण तासात बुरानोला पोचते. बोट लागली की लोंढा उतरतो आणि बहुतेक सगळा गालुप्पी रस्त्याकडे वळतो, कारण लेसची दुकानं आणि खाणावळी तिथे. (हा बाल्दास्सारे गालुप्पी १७०६ साली याच बेटावर जन्मलेला संगीतकार.) बाजूच्या कालव्यांवर थोडा वेळ रेंगाळणारे असतात, मग पुढची बोट येईपर्यंत बऱ्यापैकी सामसूम. मी आधीच जागा धरून उभी असते.

उन्हाचं गणित मात्र इथे वेगळं आहे. सकाळ-संध्याकाळच्या कोवळ्या उन्हात फोटो काढा, हे सगळेच सांगतात. पण गल्ल्या अरुंद आणि घरं बहुतेक दुमजली. सूर्य खाली असला की समोरच्या रांगेची सावली भिंतीवर अर्ध्यापर्यंत चढते. वर झगझगीत पिवळा, खाली मळकट करडा. मे-जूनमध्ये बारा ते दोनच्या दरम्यान ऊन थेट फरशीपर्यंत उतरतं. ज्या उन्हाला फोटोग्राफर नाकं मुरडतात, तेच इथे कामाचं. लेन्सवर पोलरायझर (चकाकी कापणारा, फिरवता येणारा फिल्टर) लावला तर रंगावरची चमक मरते आणि भिंत दाट दिसते. फक्त तो पूर्ण फिरवू नका, नाहीतर कालव्यातलं घरांचं प्रतिबिंबही पुसलं जातं.

गर्दी गायब करायची दुसरी युक्ती फोटोग्राफीइतकीच जुनी. फोटोग्राफीच्या आद्य जनकांपैकी एक असलेल्या दागेरने १८३८ च्या सुमारास पॅरिसचा एक गजबजलेला रस्ता टिपला. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश येत राहण्याचा वेळ, इतकं लांब होतं की चालणारे कुणी उमटलेच नाहीत. बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस एका जागी उभा होता, तो तेवढा उमटला. आज १० स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश साधारण हजारपट कमी करणारी गडद काच, हेच करतो. भर उन्हात लेन्सचं छिद्र एफ/१६ इतकं बारीक ठेवलं तर १/१०० सेकंदाचं एक्स्पोजर त्याने साधारण १० सेकंदांवर जातं. चालणारे विरून जातात, सेल्फीवाले मात्र पुतळ्यासारखे राहतात. आणि दोरीवरच्या चादरी! वारा असला की त्यांचा नुसता धूर होतो. बुरानोचा फोटो आणि त्यात वाळत घातलेले कपडे नाहीत, हे मला तरी चालत नाही. म्हणून मी थांबणंच पसंत करते.

मोबाइलमधल्या खोडरबराबद्दल न बोललेलं बरं. माणूस जातो, त्याची सावली फरशीवर तशीच पडलेली असते.

एक पथ्य मी पाळते. इथे दारांवर बाहेरून पट्ट्यापट्ट्यांचे कापडी पडदे असतात. पडदा हलला आणि कुणी बादली घेऊन बाहेर आलं, तर कॅमेरा खाली. इटलीच्या १९४१ च्या कॉपीराइट कायद्यात, काही अपवाद सोडले तर, माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. पण कायदा राहू दे. घर त्यांचं आहे. उंबऱ्यावर चढून पोझ देणाऱ्यांवर एखादी आजी खेकसते तेव्हा मी मनातून आजीच्या बाजूची असते.

हिवाळ्यात येणार असाल तर गल्ल्यांचा नाद सोडा. सूर्य वर चढतच नाही. रुंद कालव्यांच्या उत्तर काठावरच्या, दक्षिणेला तोंड असलेल्या घरांवर तेवढं ऊन मिळतं, तेही धुकं नसेल तर. गर्दी मात्र तेव्हा खूपच कमी असते.